जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी

व्यापारी बंधूंनो, दुकानातील संगणक आता तराजू आणि खतावणीइतकाच धंद्याचा भाग झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती देणे थांबविले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे जुने संगणकही नापास ठरले आणि जो तो सांगू लागला, "जुना विका, नवा घ्या." आमच्या दुकानातही हाच प्रश्न उभा राहिला. गल्ल्यातून पैसा काढण्यापूर्वी आम्ही दुसरा मार्ग तपासून पाहिला. त्यात जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते दोन्ही येथे मांडत आहोत.

मुक्त म्हणजे काय?

मालेगाव-भिवंडीचा मिस्त्री यंत्रमाग उघडतो, झिजलेला भाग बदलतो आणि माग पुन्हा सुरू करतो. मागाला कारखानदाराने कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवली असती, तर मिस्त्रीचे हुन्नर वाया गेले असते. संगणकाच्या प्रणालीचेही तसेच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लोकांसमोर ठेवला. वापरा, तपासा, बदला, इतरांना द्या, ही चार मोकळीक त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. ते फुकट मिळते हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की, 'क्रॅक' केलेली चोरीची प्रत वापरण्याची पाळी येत नाही. माप चोख ठेवायचे आणि हिशेब मात्र चोरीच्या प्रतीवर लिहायचा, हे इमानदार व्यापाऱ्याला शोभत नाही.

आधी चाखा, मग बसवा

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. विंडोजची सवय असणाऱ्यास 'लिनक्स मिंट' सोपे पडते. जुन्या यंत्रासाठी त्याची 'एक्सएफसीई' आवृत्ती हलकी आहे. रॅम निदान २ जीबी हवी, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. कृती अशी :

१) प्रथम सर्व हिशेब, बिले व फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. ती प्रत उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर पाहा.

२) मिंटच्या अधिकृत ठिकाणाहूनच फाइल उतरवा. सोबत दिलेला तपासणी-आकडा जुळवून पाहा, म्हणजे फाइल पूर्ण व बिनचूक उतरल्याची खात्री होते.

३) 'रूफस' किंवा 'एचर' या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवा.

४) संगणक सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा डिलीट यांपैकी लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडा.

आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालते. तुम्ही होऊन बसवत नाही, तोवर डिस्कवरची विंडोज तशीच राहते. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, बिलाचा प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन, एकेक करून तपासा. बारकोडचे यंत्र बहुधा कीबोर्डसारखेच ओळखले जाते, त्यामुळे त्याची अडचण सहसा येत नाही. प्रिंटरची येऊ शकते. 'लिब्रेऑफिस'मध्ये पत्रे व तक्ते होतात, आणि युनिकोड मराठीही नीट लिहिता येते.

कोणी घाई करू नये?

टॅली, कोरलड्रॉ किंवा श्री-लिपीवर ज्यांचा धंदा उभा आहे, त्यांनी विंडोज पुसू नये. ही साधने विंडोजसाठी बनलेली आहेत. छापखानेवाल्या बंधूंच्या जुन्या फॉन्टमधील फाइली तर युनिकोडमध्ये आपोआप बदलत नाहीत. अशांनी विंडोज ११ चालणारे एक यंत्र या कामासाठी ठेवावे आणि पत्रव्यवहार, इंटरनेट यांसाठी जुन्या यंत्रावर लिनक्स घ्यावे.

राउटर : आमची चूक

राउटरच्या पोटातही एक प्रणाली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स होते. परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये तिला तो कोड खुला करावा लागला, आणि त्यातून पुढे 'ओपनडब्ल्यूआरटी' उभे राहिले. कंपनीने दुरुस्ती देणे सोडलेल्या अनेक राउटरना त्यामुळे नवे आयुष्य मिळते.

आम्ही मात्र नाव पाहून फाइल चढविली. राउटरच्या तळावरील चिठ्ठीत मॉडेलपुढे आवृत्तीचा आकडा होता, तो वाचलाच नाही. राउटर निपचित पडला आणि दोन दिवस दुकानात कार्डचे यंत्र चालले नाही. म्हणून सांगतो : मॉडेल व आवृत्ती दोन्ही जुळल्याखेरीज हात लावू नका, वीज जाण्याच्या वेळी हे काम करू नका, आणि चालू राउटरवर कधीही प्रयोग करू नका. फर्मवेअर बदलल्यावर वाय-फाय बहुधा बंद असते; केबल जोडून ते सुरू करावे लागते.

मोबाइलचे काय?

जुन्या मोबाइलसाठी 'लिनिएजओएस' आहे. परंतु त्यासाठी बूटलोडरचे कुलूप उघडताना फोनवरील सर्व काही पुसले जाते, आणि नंतर बँकेची व यूपीआयची अ‍ॅप चालण्यास नकार देऊ शकतात. ज्या फोनवर ग्राहकाचे पैसे येतात, त्यावर हा प्रयोग नको. कपाटात पडलेल्या फोनवर खुशाल करावा.

शेवटी एक गोष्ट. संगणकातील उधारीची वही केवळ आपली नसते. तीत दुसऱ्यांची देणी-घेणी लिहिलेली असतात, ती अमानत आहे. दुरुस्ती न मिळणाऱ्या प्रणालीवर ती इंटरनेटला जोडून ठेवणे हा निष्काळजीपणा, आणि प्रत न काढता प्रयोग करणे हा त्याहून मोठा. आमच्या जुन्या संगणकावर आज मिंट चालते आणि बिले त्यावरच निघतात. तुम्हीही एका सुटीच्या दिवशी पेनड्राइव्ह लावून पाहा. पटले तर बसवा, नाही पटले तर पेनड्राइव्ह काढून घ्या. गमावण्यासारखे काही नाही.