जिला लागले, तिला विचारले का?



संघात कोणी लागेल असे बोलले की 'अगं, गंमत केली' असे म्हणून विषय मिटवायची आपली रीत आहे. म्हणून आज इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघातील एक प्रकरण अभ्यासासाठी घेऊ या.

एनिओला अलुको ही नायजेरियात जन्मलेली, बर्मिंगहॅममध्ये वाढलेली कृष्णवर्णीय खेळाडू. इंग्लंडसाठी ती १०२ सामने खेळली. शिक्षणाने वकील. प्रशिक्षक मार्क सॅम्पसन यांच्याविषयी तिच्या तक्रारी होत्या. २०१५ मध्ये चीनच्या दौऱ्यात त्यांनी ड्रू स्पेन्स या मिश्रवंशीय खेळाडूला, तुला किती वेळा अटक झाली, असे सर्वांदेखत विचारले. त्याआधी २०१४ मध्ये अलुकोचे नातेवाईक नायजेरियाहून सामना पाहायला येणार होते, तेव्हा ते इबोला घेऊन येणार नाहीत हे बघ, असे तिला सांगितले. (जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला होता!)

फुटबॉल असोसिएशनने आधी घरच्या घरी चौकशी केली, मग बॅरिस्टर कॅथरिन न्यूटन यांना नेमले. दोन्ही वेळा सॅम्पसन निर्दोष ठरले. अलुकोला तडजोडीचे ८० हजार पौंड देऊ केले गेले. पण जिला अटकेचे विचारले, त्या स्पेन्सला चौकशीत कोणी बोलावलेच नव्हते. २०१७ मध्ये तिने लेखी निवेदन दिले, तेव्हा चौकशी पुन्हा उघडली.

१८ ऑक्टोबर २०१७ च्या अहवालात न्यूटन यांनी म्हटले की ही दोन्ही विधाने झाली आणि कायद्याने ती वांशिक भेदभाव ठरतात. सॅम्पसन वंशद्वेष्टे आहेत असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. विनोद करण्याचा तो चुकीचा प्रयत्न होता, असे त्यांचे मत. असोसिएशनने दोघींची माफी मागितली. सॅम्पसन यांना आदल्याच महिन्यात दूर केले होते, पण वेगळ्या कारणासाठी. हे न सांगणे अन्यायाचे होईल.

नीतिशास्त्रात आपण कृती आणि हेतू वेगळे तपासतो. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता, हे त्याच्या दोषाचे माप ठरवताना धरावे. बोलणे घडले की नाही, ते कोणाला लागले, याचे उत्तर त्याच्या मनात सापडत नाही. ते ऐकणाऱ्यांकडेच मिळते. पहिल्या चौकशा नेमक्या इथे फसल्या असे आम्हांला वाटते.

आणि संघातल्या इतर मुली? सप्टेंबर २०१७ मध्ये रशियाविरुद्ध गोल केल्यावर निकिता पॅरिस थेट सॅम्पसन यांच्याकडे धावली, मागोमाग संघ. अलुको ते बाहेरून पाहत होती. पॅरिस स्वतःही कृष्णवर्णीय. तिने २०२० मध्ये अलुकोची जाहीर माफी मागितली.