पायथन-जावास्क्रिप्टचा संवाद कुठे अडतो?

प्रश्न : शिरपूर पॅटर्नच्या बंधाऱ्यांलगतच्या विहिरींची पाणीपातळी ब्राउझरमध्ये दाखवायचा आमचा प्रकल्प आहे. हिशेब पायथनमध्ये, आलेख जावास्क्रिप्टमध्ये, मध्ये वेबसॉकेट. फंक्शनला 'असिंक' लावलंय, तरी एका विहिरीचा हिशेब चालू असला की बाकी सगळं थांबतं. असं का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : विषय मनापासून आवडला. नाले रुंद आणि खोल करून त्यांवर साखळीने बंधारे घालायचं सुरेश खानापूरकरांचं काम (म्हणजेच शिरपूर पॅटर्न) शेवटी विहिरीतच तपासलं जातं. त्यामुळे आलेखातला आकडा चुकून चालणार नाही.

'असिंक' लिहिलं म्हणजे कामं एकाच वेळी चालू लागतात, हा समज आधी सोडा. पायथनची इव्हेंट लूप एकाच थ्रेडवर फिरते. फंक्शन 'अवेट'पाशी खरोखर थांबलं, तरच दुसऱ्याची पाळी येते. तुमच्या फंक्शनमध्ये बहुधा 'टाइम.स्लीप' किंवा लांबलचक गणित असणार, आणि तेवढा वेळ लूप अडकून पडते. नुसतं थांबायचं असेल तर 'असिंकआयओ.स्लीप' वापरा. सेन्सर वाचणारी लायब्ररी जुन्या पद्धतीची असेल तर ते काम 'टू_थ्रेड'कडे द्या; पायथन ३.९ पासून ती सोय आहे. निव्वळ पायथनमधलं जड गणित मात्र वेगळ्या प्रोसेसमध्येच टाका, कारण नेहमीच्या पायथनमध्ये एका प्रोसेसचे सगळे थ्रेड एकाच कुलपामागे रांगेत उभे असतात.

'असिंक-अवेट' हे शब्द पायथनमध्ये २०१५ साली आले, जावास्क्रिप्टच्या प्रमाणात २०१७ साली. दिसायला सारखे, वागायला नाहीत. जावास्क्रिप्टचं असिंक फंक्शन बोलावताच पहिल्या 'अवेट'पर्यंत धावतं. पायथनचं 'अवेट' केल्याशिवाय किंवा टास्क बनवल्याशिवाय जागचं हलतच नाही. पुष्कळ मुलं इथेच अडकतात.

लूप मोकळी झाली की पुढची अडचण येईल: उत्तरं मागणीच्या क्रमाने येणार नाहीत. पाचव्या विहिरीचं उत्तर दुसरीच्या आधी आलं तर ते कोणत्या आलेखात घालायचं? म्हणून प्रत्येक निरोपाला बँकेतल्या टोकनसारखा क्रमांक द्या. जावास्क्रिप्टने त्या क्रमांकाखाली आपलं प्रॉमिस जपून ठेवायचं, पायथनने उत्तरात तोच क्रमांक परत पाठवायचा. हिशेब फसला तर ती चूकही त्याच क्रमांकाने कळवायची, आणि ठरावीक सेकंदांत काहीच आलं नाही तर प्रॉमिस नाकारून टाकायचं. जुपिटर नोटबुकही हेच करतं: कर्नलच्या प्रत्येक उत्तरात मूळ मागणीचं शीर्षक जोडलेलं असतं.

आणखी एक. सेन्सर बंद पडला की पायथनच्या हाती 'नॅन' येतो. पायथनचं जेसन मॉड्यूल तो बिनतक्रार लिहून टाकतं, पण ब्राउझर तो वाचायला नकार देतो आणि अख्खा निरोप वाया जातो. पाठवण्याआधी त्याचा 'नन' करा, तिकडे 'नल' पोचेल. आलेखात तिथे खंड दाखवा, शून्य कधीही नको. शून्य म्हणजे विहीर आटली असा अर्थ होईल.

प्रश्न : आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. जोडणी तुटली की पान तसंच पडून राहतं. पायथन थेट ब्राउझरमध्येच चालवता येईल का?
— एक वाचक, थाळनेर

उत्तर : येईल. २०१८ साली मोझिलात सुरू झालेलं पायोडाइड नेमकं तेच करतं. पहिल्यांदा बरेच मेगाबाइट उतरवावे लागतात; त्या फायली यंत्रावर साठवून ठेवल्यात तर पुढे नेटवाचून भागतं. ते वेब वर्करमध्ये चालवा, नाहीतर पान पुन्हा गोठेल.

सेन्सरचे आकडे बाहेरूनच येणार असतील तर मात्र जोडणी लागणारच, आणि वेबसॉकेट तुटल्यावर आपणहून जुळत नाही. पुन्हा जोडायचा प्रयत्न एक, दोन, चार सेकंद असं अंतर वाढवत करा. जोडणी होताच शेवटच्या मिळालेल्या नोंदीची वेळ पायथनला कळवा, म्हणजे मधल्या काळातल्या नोंदी तो पाठवील. अर्थात त्यासाठी पायथनच्या बाजूने प्रत्येक नोंद आधी एसक्यूलाइटमध्ये जायला हवी, मग वेबसॉकेटवर.