सॉफ्ट कोरलला घास किती, कसा?

सॉफ्ट कोरल वाढत नाही म्हटलं की आपला हात आधी खाद्याच्या बाटलीकडे जातो. तो जरा आवरा. लेदर कोरल, मश्रूम, झोआ यांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर जे अन्न बनवतं, त्यावरच कोरलचं बहुतेक भागतं. भाकरी उजेडाची, आपलं खाद्य म्हणजे तोंडी लावणं.

१. आधी पाणी तपासा. तापमान 25-26 अंश, विशिष्ट घनता 1.025, नायट्रेट 5 ते 10 पीपीएम असावं. नायट्रेट शून्यावर असेल तर कोरल फिकट पडतात, त्यांना खाद्याचा खरा उपयोग होतो. 20च्या वर गेलं असेल तर आधी थोडं पाणी बदला.

२. तोंड पाहून घास द्या. लेदरचे पॉलिप इवलेसे; त्यांना रोटिफरसारखं बारीक खाद्य द्या. मश्रूम आणि झोआंना आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं चालतात. ती गाळून, धुऊनच घाला. झेनियाला वेगळं भरवायची गरज नाही.

३. पॉलिप उघडे असतानाच भरवा. झोआ रात्री मिटतात, म्हणून दिवे बंद होण्याच्या तासभर आधीची वेळ चांगली.

४. मुख्य पंप आणि स्किमर 20 मिनिटं बंद ठेवा, वेव्हमेकर मंद करा. कपभर टाकीच्याच पाण्यात खाद्य कालवा आणि सिरिंजनं कोरलच्या थोडं अलीकडे हलकेच सोडा. धार अंगावर बसली तर पॉलिप मिटतात. नीट पोचलं तर काही मश्रूम कडा आत ओढून बटव्यासारखे बंद होताना दिसतील. पंप पुन्हा सुरू करायला मोबाइलवर गजर लावाच.

५. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरे. काचेवर हिरवा थर लवकर धरू लागला, तर खाद्य निम्म्यावर आणा.

लेदर कोरल कधी कधी काही दिवस मिटून बसतं आणि अंगावर मेणचट पापुद्रा येतो. ते उपाशी नसतं, कात टाकत असतं. तेव्हा भरवू नका. प्रवाह थोडा वाढवा. पापुद्रा निघाला की पॉलिप पुन्हा उमलतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहा, मगच खाद्य वाढवायचं की नाही ते ठरवा.