ड्रॉइंगवर सही कोणाची?

'इंडस्ट्रियल मॅनेजमेंट'चा पेपर आपण सगळेच आदल्या रात्री वाचतो. त्यात ऑर्गनायझेशन चार्ट नावाचे चौकोन असतात. वर एम.डी., खाली डिझाइन, प्रॉडक्शन, परचेस, क्वालिटी. मार्कांपुरते काढायचे आणि विसरायचे! पण उद्या नोकरी लागली की ह्यातल्याच एका चौकोनात आपल्याला बसायचंय.

मी मांडवीला राहते. जवळच मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. ब्रॅकेट कसा हवा ते मिस्त्रीच ठरवतो, वेल्डिंगही तोच करतो, आणि ब्रॅकेट भर समुद्रात तुटला तर तांडेल शिव्या घालायला त्याच्याकडेच येतो. कारखाना मोठा झाला की ही कामं वेगवेगळ्या माणसांत वाटावी लागतात, आणि तांडेलाच्या शिव्या डिझाइनवाल्यापर्यंत पोचेनाशा होतात.

सुट्टीत मी एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. तिथे ड्रॉइंगमधला एक बोल्ट अशा जागी होता की पाना फिरायलाच जागा नाही. फिटरला हे पहिल्याच दिवशी कळलं. पण डिझाइन ऑफिस दुसऱ्या शहरात. कागद साहेबांकडून वर गेला, तिकडे खाली उतरला, पुन्हा वर चढला... ड्रॉइंग बदलून यायला तीन आठवडे लागले. तोवर फिटरने पानाच ग्राइंडरवर घासून बारीक केला होता!

ह्यावर मोठा उपाय आपल्या महाराष्ट्रातच झाला. महिंद्रा अँड महिंद्रा ही गाड्यांच्या धंद्यात विलिज जीपपासून सुरुवात केलेली कंपनी. १९९७ च्या सुमारास तिने संपूर्ण नवी गाडी स्वतः बनवायचं ठरवलं, ती स्कॉर्पिओ. आर अँड डी पवन गोएंका यांच्याकडे होतं. ते १९९३ मध्ये अमेरिकेतली जनरल मोटर्सची नोकरी सोडून आले होते. ह्या गाडीसाठी इंजिनिअरांच्या कामाची वाटणीच बदलली. डिझाइन, प्रॉडक्शन, परचेस, क्वालिटी, मार्केटिंग अशा विभागांतली सुमारे १२० माणसं घेऊन १९ गट केले आणि त्यांना नाशिकला एकत्र बसवलं. बरीचशी तरुण मंडळी. पार्ट्सच्या डिझाइनची मोठी जबाबदारी सप्लायरवर टाकली. जून २००२ मध्ये गाडी बाजारात आली. खर्च सुमारे ६०० कोटी रुपये, जो परदेशी कंपन्यांच्या मानाने फारच कमी होता.

ह्याला सायमल्टेनियस इंजिनिअरिंग म्हणतात. ('एककालिक अभियांत्रिकी' म्हटलं तर मेसमध्ये मला कोणी शेजारी बसू देणार नाही.) त्यातली खरी गोष्ट एवढीच, की ड्रॉइंग पक्कं होण्याआधी प्रॉडक्शनचा माणूस ते बघतो. कागदावरचा बोल्ट रबराने खोडता येतो. पण एकदा पोलादाची डाय बनली की तोच बदल लाखांत जातो.

पण पुस्तकात ह्याचे फायदे पानभर आणि तोटे दोन ओळींत असतात, ते मला पटत नाही. अशा टीममधल्या इंजिनिअरला दोन साहेब असतात. रोजचं काम टीम लीडर देतो, प्रमोशन मात्र मूळ विभागाच्या हातात. म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी! टोयोटात प्रत्येक गाडीला एक चीफ इंजिनिअर असतो. ही पद्धत १९५५ च्या क्राउन गाडीपासूनची, तिचे पहिले प्रमुख केन्या नाकामुरा. गंमत म्हणजे ह्या चीफ इंजिनिअरला बाकी विभागांच्या माणसांवर हुकूम चालवता येत नाही, त्याला पटवूनच काम करून घ्यावं लागतं. त्यामुळे त्याला विषयातलं खरोखर कळत असेल तरच त्याचं कोणी ऐकतं.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. गिअरबॉक्सचा माणूस गिअरबॉक्सवाल्यांतच बसून शिकतो. त्याला चार-पाच वर्षं सीटवाले, पेंटवाले, हिशेबवाले यांच्यात बसवलं तर गाडी चांगली होते, पण त्याचा स्वतःचा विषय मागे पडतो. शिवाय गाडी बाजारात आली की टीम मोडते, आणि परत जावं तर जुन्या खुर्चीवर दुसराच बसलेला! म्हणूनच बऱ्याच कंपन्या मूळ विभाग मोडत नाहीत. रोजची बसायची जागा टीममध्ये, शिकणं आणि बढती विभागात. इंटरव्ह्यूला 'एनी क्वेश्चन्स?' विचारलं की आपण मान हलवून उठतो. त्याऐवजी टीम मोडल्यावर इंजिनिअर कुठे जातो, हे मी विचारणार आहे.