साधनाचे वर्णन : संगणकीय सहायकास द्यावयाचा स्पष्ट आदेश

गावच्या दप्तरातील कोणती नोंद कोणत्या नमुन्यात असते, हे जाणत्या कर्मचाऱ्यास सांगावे लागत नाही. एखाद्या गटाची जमीन व पीक पाहावयाचे तर सातबारा, खातेदाराची गावातील एकूण जमीन पाहावयाची तर आठ-अ आणि हक्कांतील फेरफार पाहावयाचे तर गाव नमुना ६, हे तो अनुभवाने ओळखतो. आता अशी दप्तरे संगणकाच्या डेटाबेसमध्ये आली आहेत आणि साध्या भाषेतील प्रश्नाचे उत्तर डेटाबेसमधून शोधून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट तयार होत आहेत. या एजंटापाशी कर्मचाऱ्याचा अनुभव नसतो. तो त्यास लिहूनच द्यावा लागतो.

एजंट नोंदीपर्यंत कसा पोहोचतो?

एजंटाच्या हाती काही साधने, म्हणजेच ‘टूल’, दिलेली असतात. प्रत्येक साधनास नाव, वर्णन आणि भरावयाच्या रकान्यांची यादी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या मानकातही हीच रचना आहे. प्रश्न आला की एजंट ही वर्णने वाचून साधन निवडतो व रकाने भरतो. वर्णन संदिग्ध असेल, तर तो अनेकदा न थांबता, न विचारता अंदाज बांधतो आणि चुकीचे उत्तरही ठामपणे देतो.

वर्णन कसे असावे?

‘जमिनीची माहिती शोधते’ एवढेच लिहिल्याने काहीच उलगडत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘एका गावातील एका गटाचा चालू सातबारा दाखवते. गावाचे नाव न देता संकेतांक द्यावा. गट क्रमांक १२/१ असा, हिश्श्यासह लिहावा. क्षेत्र हेक्टर व आर यांत मिळते. एका खातेदाराच्या सर्व जमिनींसाठी हे साधन वापरू नये. आठ-अचे साधन वापरावे.’

यातील प्रत्येक वाक्यास कारण आहे. वडगाव, पिंपळगाव अशी नावे अनेक तालुक्यांत आढळतात. म्हणून संकेतांक हवा. १२/१ हा हिस्सा आहे, तारीख किंवा भागाकार नव्हे, हे सांगावयास हवे. एककाचा उल्लेख तर अत्यावश्यक होय. २ एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर. १ हेक्टरपर्यंत जमीन असणारा शेतकरी अत्यल्पभूधारक गणला जातो. नोंदीतील २ हा आकडा एजंटाने हेक्टर समजून घेतला, तर पात्र शेतकरी अपात्र ठरू शकतो. ‘वर्ष’ या शब्दाचेही तसेच आहे. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, तर वित्तीय वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. कोणते वर्ष अभिप्रेत आहे, हे वर्णनातच असावे.

रिकामे उत्तर

नोंद अस्तित्वात नाही, क्रमांक चुकला आणि यंत्रणा बंद आहे, या तीन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही वेळी साधनाने नुसते रिकामे उत्तर दिले, तर ‘आपल्या नावे जमीन नाही’ असे शेतकऱ्यास सांगितले जाण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रत्येक स्थितीसाठी स्वतंत्र संदेश ठेवावा आणि त्यानंतर काय करावयाचे, तेही लिहावे.

वर्णनाची मर्यादा

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. ‘नोंद बदलू नये’ असे लिहिणे पुरेसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये फेरफाराची नोंद व तिचे प्रमाणीकरण हे महसूल अधिकाऱ्यांचे काम आहे. एजंटास डेटाबेसमध्ये केवळ वाचनाचा अधिकार द्यावा, म्हणजे शब्द चुकला तरी अभिलेख सुरक्षित राहील.

लिहिलेले वर्णन प्रथम नव्याने रुजू झालेल्या लिपिकास वाचावयास द्यावे. त्यास जेथे शंका येईल, तेथे एजंटही अडखळण्याचा संभव असतो. त्यानंतर लोक कार्यालयात प्रत्यक्ष विचारतात ते प्रश्न एजंटास घालून त्याची उत्तरे मूळ दप्तराशी ताडून पाहावीत आणि चूक आढळेल तेथे वर्णन सुधारावे. हे काम एकट्या संगणक तंत्रज्ञाचे नाही. दप्तराचा अर्थ जाणणारे अधिकारी, कर्मचारी व पंचायत सदस्य यांनी त्यात सहभागी झाल्यासच विचारणाऱ्यास खरे उत्तर मिळेल.