परसबागेतली माती आणि शिसे

काही दिवसांपूर्वी एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. हातात परसातल्या मातीचा तपासणी अहवाल. "डॉक्टर, माती उत्तम निघाली. आता पालक आणि मुळा घरचाच!" सोबत तीन वर्षांचा नातू होता. तो वाफ्यातली माती खातो, ही त्यांची तक्रार. बोलता बोलता कळले, की त्या जागेवर पूर्वी बॅटऱ्या दुरुस्तीचे दुकान होते. मी अहवाल पुन्हा वाचला. त्यात शिशाचा उल्लेखच नव्हता.

यात प्रयोगशाळेची चूक नाही. 2015 साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेसाठी सरकारी खर्चाने 12 गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पीक कसे येईल, हे यावरून कळते. ते खाणाऱ्याचे काय होईल, हे कळत नाही.

शिसे मातीत कुजत नाही, वर्षानुवर्षे वरच्या थरात राहते. जुन्या बॅटऱ्या, जुने रंग आणि 2000 सालापर्यंत विकले जाणारे शिसेयुक्त पेट्रोल ही त्याची मुख्य उगमस्थाने. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. त्याचा घाव मेंदूच्या वाढीवर बसतो. सुरक्षित म्हणावे असे याचे प्रमाणच नाही.

मग काय करावे?

1) जागेचा पूर्वेतिहास विचारावा. गॅरेज, भंगार किंवा बॅटरीचे दुकान असेल, तर वाफे न करता कुंड्यांत बाहेरची चांगली माती भरावी.
2) शंका असल्यास पालेभाज्या व कंदभाज्या टाळाव्यात. टोमॅटो, वांगी, शेंगा यांत शिसे कमी उतरते.
3) भाजी भरपूर पाण्यात धुवावी, कंदांची साल काढावी.
4) मातीत खेळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. मूल माती खात असेल तर डॉक्टरांना दाखवावे. लोह कमी असलेल्या मुलाच्या अंगात शिसे अधिक मुरते.

गुरुजींच्या नातवाची रक्ततपासणी मी लिहून दिली. पण मातीतले शिसे तपासायचे तर खासगी प्रयोगशाळा आणि पदरचा खर्च. पेन्शनीत तो प्रत्येकाला कसा झेपणार? 2019 साली केंद्र सरकारने शाळांतून परसबागा करण्याच्या सूचना दिल्या. बाग करा म्हणणाऱ्यांनी माती तपासण्याची सोयही करावी. निदान शाळा, अंगणवाड्या आणि जुन्या कारखान्यांच्या जागांपुरती तरतूद नगरपालिकेने अंदाजपत्रकात करावी. आपण पिण्याचे पाणी सार्वजनिक खर्चाने तपासतोच ना? आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांना हा प्रश्न जरूर विचारा.