फी सरकार भरणार, मग कॉलेज का मागते?

प्रश्न : मी चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कायम कामगार आहे. मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, दुसऱ्या फेरीत खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शाखा मिळाली. आम्ही एसईबीसी प्रवर्गात येतो. उत्पन्नाचा दाखला ६ लाख ४० हजारांचा आहे. कॉलेज म्हणते, पूर्ण फी आत्ता भरा, सरकारकडून आली की परत करू; नाहीतर दोन कोरे चेक द्या. पतपेढीतून कर्ज काढू का?
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : कर्ज काढू नका आणि कोरा चेक तर अजिबात देऊ नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने पूर्णपणे आपल्याकडे घेतले आहे. २०२४-२५ या वर्षापासून ही सवलत लागू आहे. त्याआधी ती निम्मी होती. मुलांना आजही राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून, म्हणजे ज्याला आपण सगळे ईबीसी म्हणतो त्यातून, निम्मेच मिळते.

सरकारकडून पैसे उशिरा येतात, हे कॉलेजांचे दुखणे खरे आहे. पण तो कॉलेज आणि सरकार यांच्यातला हिशेब आहे. त्याचा भार ओव्हरटाइम करून घर चालवणाऱ्या कामगाराने का उचलावा?

तुम्हाला काय भरावे लागेल तेही नीट समजून घ्या. सवलत फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क तुमच्याच खिशातून जाते, वसतिगृह, मेस आणि बसचे पैसेही. समजा, शिक्षण शुल्क १ लाख १० हजार आणि विकास शुल्क १२ हजार असेल, तर प्रवेशाच्या वेळी या दोहोंपैकी तुमच्याकडून १२ हजारच घ्यायला हवेत. कोणत्या कॉलेजची फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि आपल्या संकेतस्थळावर देते. तो आकडा काढून सोबत न्या. काउंटरवरचा छापील तक्ता आणि प्राधिकरणाचा आकडा जुळत नसेल, तर तिथेच विचारा. १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्यानुसार मंजूर फीपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यावीच लागते. पावतीवर प्रत्येक शुल्काची रक्कम वेगळी लिहून घ्या. नुसते ‘फी’ एवढे लिहिलेली पावती पुढे तक्रारीत फारशी कामाची नसते.

एवढे करूनही कॉलेज अडून बसले, तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या : मुलीचा कॅपचा अर्ज क्रमांक, मिळालेली जागा, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, शासन निर्णयाची तारीख आणि ‘सवलतीची रक्कम माझ्याकडे मागू नये’ ही विनंती. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नंतर तीच प्रत तंत्रशिक्षण विभागाच्या पुणे विभागीय सहसंचालकांकडे पाठवा. तोंडी वाद घालण्यापेक्षा आवक शिक्क्याचा कागद जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : भोसरीच्या कंपनीत वेतनकरार झाला आणि मागचा फरक एकदम मिळाला. मुलगा खुल्या प्रवर्गातला आहे, त्याची सीईटी झाली आहे. फरकामुळे सवलत जाईल का? टीएफडब्ल्यूएस घ्यावी की ईबीसी? शिवाय एक एजंट ‘कॅपची वाट बघू नका, जागा बुक करा, स्कॉलरशिप नंतर बसवून देतो’ म्हणतो.
— एक वाचक, निगडी

उत्तर : आधी एजंटचे. त्याला नकार द्या. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पालक सर्वात जास्त इथेच फसतात. उत्पन्न कितीही कमी असले, तरी व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ईबीसी मिळत नाही. प्रवेश कॅपमधूनच हवा. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठेही या योजनेबाहेर आहेत. अशा ठिकाणी एकदा प्रवेश घेतला की चारही वर्षांची सवलत गेली, ती नंतर कुणालाही ‘बसवून’ देता येत नाही. मात्र ‘स्वायत्त’ या शब्दाला घाबरू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न राहून स्वायत्त झालेले कॉलेज म्हणजे खासगी विद्यापीठ नव्हे. तिथे कॅपमधून गेलेल्या विद्यार्थ्याला सवलत मिळते.

आता फरकाचे. ज्या आर्थिक वर्षात रक्कम हातात पडली, त्या वर्षाच्या उत्पन्नात ती धरली जाते. आई-वडील दोघांचे सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न मोजतात, करातल्या वजावटीनंतरचे नव्हे. त्यामुळे फॉर्म १६ हातात घेऊन स्वतः बेरीज करा. ८ लाखांच्या वर जात असेल, तर पगाराची अर्धवट कागदपत्रे देऊन कमी उत्पन्नाचा दाखला काढू नका. तो रद्द झाला की मुलाचा प्रवेशच अडचणीत येतो. दाखल्यासाठी पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनी अपर तहसील कार्यालयाकडे, तर चाकणकरांनी खेडच्या तहसीलकडे अर्ज करावा, आणि तो निकालाआधीच करावा.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम, ही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची योजना आहे. मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, म्हणजे ६० च्या तुकडीला अवघ्या तीन. शिक्षण शुल्क पूर्ण माफ, तेही अभ्यासक्रम संपेपर्यंत. बाकीचे शुल्क भरावे लागते. उत्पन्नाची अट इथेही ८ लाखांचीच आहे. जागा तीनच असल्याने त्याच शाखेचा कटऑफ बराच वर जातो. विकल्प भरताना या जागांचा कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर येते. पालक इथेच चुकतात : साधा कोड भरतात आणि टीएफडब्ल्यूएस मिळेल असे धरून चालतात. हवे ते कॉलेज ‘टी’ कोडने वर आणि साध्या कोडने त्याखाली, असे दोनदा भरा. एक बंधन मात्र आहे : टीएफडब्ल्यूएसमधून गेल्यावर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. माझे मत विचाराल, तर मुलाला शाखा मनापासून हवी असेल तर टीएफडब्ल्यूएसच घ्यावी, कारण ईबीसी निम्मीच मिळते, दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते आणि ती कुटुंबातल्या दोनच मुलांपुरती आहे.

प्रश्न : मी मोशीत बांधकामावर गवंडी आहे, बायको चाकणला कंत्राटी कामगार आहे. मुलाला अवसरीच्या शासकीय कॉलेजात इंजिनिअरिंग घ्यायचे आहे. काही मदत मिळेल का?
— एक वाचक, मोशी

उत्तर : तुमची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल आणि ती चालू असेल, तर पहिल्या दोन मुलांना अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला ६० हजारांचे साहाय्य आहे. नोंदणी नसेल, तर या आठवड्यात करा. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना पाहा. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी ती आहे. बायकोची जून आणि डिसेंबरची पगारपत्रिका काढा. त्यात कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापलेले दिसले, तर कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीलाही अर्ज करता येतो. रक्कम मोठी नाही, पण पुस्तकांना हातभार लागेल.

सर्वांनाच एक विनंती. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे काम संपले असे समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनवर तपासला जातो, मग विभागाकडे जातो. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहा, कॉलेजकडे अडकला असेल तर तिथल्या शिष्यवृत्ती कारकुनाला भेटा, आणि मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते आजच बँकेत विचारून या.